उमरखेडहून आणलेला होकार

धावजी राठोड वाईट माणूस होते असं दारव्ह्याच्या आसपास कोणी म्हणणार नाही, आणि कोणी म्हणायला लागलाच तर दहा घरच्या बाया त्याला उभं राहू देणार नाहीत. दारव्ह्याबाहेरच्या मिशनच्या छोट्या चर्चमध्ये त्यांनी तीस वर्षं धर्मशिक्षकाचं काम केलं. फादर यायचे, तीन-चार वर्षं राहायचे, बदली होऊन जायचे. मास्तर मात्र जागच्या जागी. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांचं नाव थॉमस ठेवलं होतं, पण ते वहीतच राहिलं. तांड्यावर ते धावजी आणि मिशनमध्ये मास्तर. नव्या फादरला मराठी येत नसली की मिस्सेतलं, म्हणजे रविवारच्या उपासनेतलं, प्रवचन मास्तर मराठीत करून सांगत. फादर पाच मिनिटं बोलत आणि मास्तरांचं भाषांतर पंधरा मिनिटं चाले. वरची दहा मिनिटं कोणाची, हे फादर सोडून सगळ्यांना माहीत होतं.

त्यांचे वडील तांड्याचे कारभारी होते. बंजाऱ्यांच्या पंचायतीला नसाब म्हणतात, आणि नसाबपुढे नवराबायकोचं भांडण आलं की वडिलांना बोलावणं ठरलेलं. ते कधी सरळ विचारत नसत. आधी पाणी मागायचं, बैलांची चौकशी करायची, लेकरांना जवळ घ्यायचं, जुन्या आठवणी काढायच्या, आणि समोरचा पुरता मऊ झाला की अशा बेतानं विचारायचं की नाही म्हणायला त्याला तोंडच उरू नये. लेकानं ही हातोटी उचलली. मोडायला आलेली पंधरा-वीस घरं मास्तरांनी सांधली. त्यातली काही खरंच सुखाची झाली. उरलेल्यांची चौकशी त्यांनी फारशी केली नाही. घर उभं आहे एवढं त्यांना पुरायचं.

शास्त्राचंही त्यांच्याकडे तसंच होतं. देवानं बांधलेली गाठ माणसानं सोडायची नाही, ही येशूची शिकवण ते प्रत्येक लग्नात सांगत आणि सांगताना त्यांचा आवाज भरून येई. ते बोलणं कोणी विचारलं म्हणून निघालं, पुढे प्रेषितांनी निरनिराळ्या अडचणीतल्या माणसांना लग्नाबद्दल काय काय लिहून कळवलं, यात ते शिरत नसत. एक वाक्य पक्कं धरलं की माणसाला बाकीची पानं उलटायची गरज वाटत नाही. मास्तरांचं नेमकं तेच झालं होतं, आणि त्याची किंमत भलत्याच बाईनं मोजली.

ती बाई म्हणजे सत्यशीला. बौद्ध घरातली मुलगी, लग्नही विहारात झालेलं. नवरा गोविंदा दारव्ह्याच्या एका जिनिंगमध्ये कामाला होता. कापसाचे दिवस फिरले, जिनिंग आधी हंगामापुरती आणि मग कायमची बंद पडली, आणि गोविंदा काम शोधायला म्हणून दोन हजार सालात उमरखेडकडे गेला तो गेलाच. तिकडे त्यानं दुसरी बाई केल्याचं सहा महिन्यांनी कळलं. पदरात साधना नावाची चार वर्षांची पोर घेऊन सत्यशीला सिस्टरांच्या दवाखान्यात झाडझूड करायला लागली. हाताला गुण होता. वर्षभरात ती जखमा धुवायला, पट्ट्या बांधायला शिकली. मग एक दिवस तिनं स्वतःहून बाप्तिस्मा मागितला. तिची आई दोन महिने तिच्याशी बोलली नाही. पण कोणी तिला ओढलं नव्हतं, हे आईलाही ठाऊक होतं.

कोर्टातून फारकतीचा कागद तिनं आधीच आणला होता. गोविंदा एकाही तारखेला आला नाही. आणि मग पास्कल. पास्कल मिशनमधला सुतार, बायको बाळंतपणात गेलेली, मूल नाही. अबोल माणूस. दवाखान्याचं दार दुरुस्त करायला म्हणून आला आणि ते दार त्याला आठ दिवस पुरलं. सिस्टर हसल्या, सत्यशीलाही हसली. दोन हजार दोन सालच्या नाताळानंतर दोघं मास्तरांच्या घरी गेली.

"मास्तर, कोर्टाचा कागद हाये माह्याजोळ," सत्यशीला म्हणाली. "चर्चमंदी लगन लागन का आमचं?"

"कोर्टाचा कागद सरकारले चालते बेटा, देवाले नाई," मास्तर म्हणाले. "नवरा जिता हाये तुया. शास्त्रात वाट नाई."

एवढ्यावर ती दोघं उठली. रजिस्टर लग्न करून मोकळं व्हायचा सल्ला पुष्कळांनी दिला. पण तसं केलं तर मिस्सेत ख्रिस्तप्रसादाला पुढे जाता येणार नाही, आणि सत्यशीलाला ते नको होतं. पास्कल म्हणाला, थांबू. चार वर्षं थांबली. रविवारी पास्कल पुरुषांच्या बाजूला, ती बायकांच्या बाजूला. बाहेर आल्यावर चिंचेखाली दोन शब्द बोलायची आणि आपापल्या वाटेनं जायची. सगळ्या गावाला त्यांची दया यायची. मास्तरांनाही यायची, पण ते या थांबण्याला श्रद्धेची परीक्षा समजत होते.

दोन हजार सहा साली फादर मथाई आले. मूळचे केरळचे, मराठी पुस्तकी, पण माणूस नीट ऐकून घेणारा. सत्यशीलाची हकीकत ऐकल्यावर त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या.

"विवाह झाला त्या वेळी तुमचा बाप्तिस्मा झालेला होता काय?"

"नाई जी."

"पतीचा?"

"त्याचा तं अजूनबी नाई."

फादरांनी चष्मा काढून मास्तरांकडे पाहिलं. मग सावकाश समजावून सांगितलं. बाप्तिस्मा झालेल्या दोघांनी केलेलं आणि नांदलेलं लग्न चर्च सोडवत नाही, तिथं मास्तरांचं बरोबर आहे. पण संत पौलापुढे अगदी असाच प्रश्न आला होता: दोघंही विश्वासाबाहेरचे असताना लग्न झालं, मग एकानं विश्वास धरला आणि दुसरा सोडून गेला. पौलानं कळवलं की जाणाऱ्याला जाऊ द्यावं, मागे राहिलेल्याला त्या बंधनात कोंडू नये, कारण देवानं आपल्याला शांतीसाठी बोलावलंय. चर्च तेव्हापासून ते मानत आलंय. फक्त त्या सोडून गेलेल्या माणसाला दोन प्रश्न विचारावे लागतात, साक्षीदारासमोर. दोन्हींचं उत्तर नाही आलं की ही बाई मोकळी.

"म्हंजे चार वर्सं..." पास्कल एवढंच बोलला. त्यानं मास्तरांना काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. एवढी वर्षं शिकवून आपल्याला पान उलटायला एका पोरगेल्या फादरनं लावलं, याची लाज वाटत होती. आणि खरं सांगायचं तर लाजेखाली थोडा रागही होता. ही पळवाट आहे असं त्यांच्या मनानं घेतलं. पौल मोठा, पण येशूपेक्षा मोठा का?

बिशपांच्या कचेरीतून कागद आला. उमरखेडला जाणार कोण? मास्तरच. फादर मथाईंनी त्यांना बजावलं, "मास्तर, फक्त वाचून दाखवा. जे उत्तर येईल ते लिहा. त्याला कुठल्याही बाजूला ढकलू नका." मास्तर हो म्हणाले.

ते वर्ष कसं होतं हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. जिल्ह्यात रोज कुठल्या ना कुठल्या गावातून फवारणीचं औषध प्यायल्याची बातमी. सिस्टर त्या घरांत जाऊन बसायच्या आणि सोबत मास्तर. तीन महिन्यांत अकरा घरं. काय बोलणार? नुसतं बसायचं. जाण्याच्या आदल्याच आठवड्यात एका घरी पंचविशीतली बाई भिंतीला टेकून म्हणाली होती, "भांडला असता, मारलं असतं, कुठं निंगून गेला असता तरी चाललं असतं मले. पर असता तं." ते शब्द मास्तरांच्या काळजात रुतून बसले. नवरा जिवंत आहे, हीच त्यांना त्या दिवसांत केवढी तरी गोष्ट वाटत होती. आणि आपण एका जिवंत नवऱ्याकडून सुटकेचा कागद आणायला चाललोय! दिग्रस, पुसद करत एसटी उमरखेडला पोचेपर्यंत त्यांच्या डोक्यात दुसरा विचार नव्हता.

गोविंदा पुसद रोडवरच्या तनवीरच्या गॅरेजमध्ये सापडला. मागच्या टिनाच्या खोलीत राहायचा, जमलं तर पंक्चर काढायचा. ती दुसरी बाई केव्हाच माहेरी निघून गेली होती. जिनिंगमधली रुईची धूळ छातीत बसलेली. चार पावलं चालला की धाप. मास्तरांनी ओळख दिली, कागद काढला. साक्षीदार म्हणून तनवीर हात पुसत येऊन बसला.

पहिला प्रश्न वाचला. बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती व्हायची इच्छा आहे का?

"नाई. मायबापानं देल्ला धम्म हाये माहा, त्याच्यातच मरीन," गोविंदा म्हणाला.

मास्तरांनी लिहिलं. मग दुसरा. तिच्या धर्माच्या आड न येता तिच्यासोबत शांतपणे नांदायची तयारी आहे का?

गोविंदा मान हलवून म्हणाला, "आता कोन्या तोंडानं जाऊ जी? तिनं तिचं पाहावं. तिले सुखी राहू द्या."

ते उत्तर होतं. ते लिहायचं, सही घ्यायची आणि चारची एसटी पकडायची. एवढंच काम होतं. मास्तरांनी पेनाला टोपण लावलं आणि प्यायला पाणी मागितलं.

मग त्यांनी वडिलांकडून शिकलेलं सगळं बाहेर काढलं. साधना दहा वर्षांची झाली, नाक तुझ्यावर गेलंय म्हणून सांगितलं. सत्यशीलाच्या हातच्या भाकरीची आठवण काढली. त्या अकरा घरांची गोष्ट सांगितली, त्या पंचविशीच्या बाईचे शब्द सांगितले, सांगताना स्वतः रडले. गोविंदाही रडायला लागला. खोकल्यानं त्याला बोलता येईना.

तनवीर तोंडात मारल्यासारखा बसला होता. शेवटी त्याला राहवलं नाही. "मास्तर, तुमी सवाल पुसून राह्यले का याले मनवून राह्यले?"

"घर वसते बाप्पा, कोनाचं नुकसान हाये?" मास्तर म्हणाले आणि गोविंदाचा हात हातात घेतला. "मी बुडा मानूस, येवढ्या दुरून आलो. रिकामा धाडतं का मले?"

गोविंदानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "बरं जी," तो म्हणाला. "येतो म्हना."

मास्तरांनी लिहून घेतलं. गोविंदानं सही केली. तनवीरनं पेन हातात घेतला खरा, पण सही करण्याआधी म्हणाला, "मी दुसऱ्या जवाबावर सही करून राह्यलो. त्याचा पयला 'नाई' बी मी आयकला होता, ध्यानात ठेवा." मास्तरांनी ध्यानात ठेवलं नाही. परतीच्या एसटीत त्यांना कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या ओट्यावर फादरांनी कागद वाचला, पुन्हा वाचला आणि घडी घातली. तो राहायला तयार असेल तर बंधन कायम, पौलाची वाट बंद, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. पास्कल खांबाला धरून उभा होता. सत्यशीला रडली नाही. ती मास्तरांसमोर येऊन उभी राहिली.

"मास्तर, मनातून म्हनलं का त्यानं?"

तिथं अजून वेळ होती. 'आधी नाही म्हटला होता बेटा', एवढं बोलले असते तर फादरांनी कागद फाडून दुसरा माणूस धाडला असता. मास्तरांना तनवीरचा चेहराही आठवला. पण त्यांना वाटलं, मनातूनच म्हटला असेल. रडला की नाही तो?

"मनातून म्हनलं," ते म्हणाले.

घरी सुखीबाईनं, त्यांच्या बायकोनं, सगळं ऐकून घेतलं. तिला शास्त्र कळत नव्हतं, नवरा मात्र चांगला कळत होता. "तिचं घर बांधाले गेलते का आपली हौस भागवाले?" ती म्हणाली. मास्तर तिच्यावर खेकसले. लग्नाच्या पस्तीस वर्षांत ते फार कमी वेळा खेकसले होते.

मिशनमधून पत्र गेलं आणि संक्रांतीनंतर गोविंदा आला. तनवीरनंच त्याला जीपमध्ये बसवून दिलं. सत्यशीलानं दारात त्याच्या पायावर पाणी घातलं आणि आत खाट टाकली. तो वाईट वागला असं नाही. वागायला अंगात जीवच नव्हता. दिवसा दवाखाना आणि उरलेल्या वेळात त्याचा खोकला, त्याचे बेडके, त्याचं अंग पुसणं, यात तिची तीन वर्षं गेली. साधनानं त्याला कधी बाबा म्हटलं नाही. तो हाक मारायचा तेव्हा ती उठून पाणी द्यायची, एवढंच. पास्कल पुढच्या ईस्टरपर्यंत चर्चला येत राहिला. मग एका ठेकेदाराबरोबर नागपूरला गेला, आणि तिथल्या एका विधवेशी त्याचं लग्न झाल्याचं फादरांकडे आलेल्या कागदावरून कळलं. ती बातमी सत्यशीलाला कोणी सांगायची यावर सिस्टरांत आठ दिवस चर्चा चालली. शेवटी सांगितली तेव्हा ती एका म्हातारीच्या पायाला पट्टी बांधत होती. तिनं पट्टी पुरी केली, गाठ मारली, म्हातारीला चप्पल घालून दिली, आणि मग मागच्या खोलीत जाऊन बसली.

मास्तर मात्र लग्नालग्नांतून ही गोष्ट सांगायचे. नाव न घेता. सात वर्षांनी परत आलेला नवरा, त्याला घरात घेणारी बायको. ऐकणाऱ्यांचे डोळे ओले व्हायचे.

दोन हजार नऊच्या दिवाळीनंतर गोविंदाचं काही खरं राहिलं नाही. एका दुपारी मास्तर त्याला भेटायला गेले. सत्यशीला दवाखान्यात होती. गोविंदानं त्यांना जवळ बसवलं, बराच वेळ श्वास गोळा केला.

"मास्तर, तवा म्या येतो म्हनलं ना... मनात नव्हतं जी माह्या."

"असं कायले बोलतं?"

"तिले पाहून घेनारा कोनी हाये, हे तनवीरभाईनं मले आधीच सांगतलं होतं. कोनाकडून तरी आयकलं होतं त्यानं. मी खुश होतो. म्हनून तं नाई म्हनलं. पर तुमी रडाले लागले. बुडा मानूस, उन्हातानात आला... कसं रिकामं धाडू? तुमचं मन राखलं मी. वाटलं, जाऊ तं नाईच आपन. पर मंग पत्र आलं, जीप आली, अन् तब्येतबी अशी..." तो थकला. "लय वाईट केलं म्या तिचं. दोनदा केलं."

मास्तर सायकल हातात धरून पायीच घरी आले आणि ओट्यावर बसून राहिले. सुखीबाईनं विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. या वेळी ती नुसती उठून आत गेली, आणि ते त्यांना जास्त लागलं.

चौथ्या दिवशी गोविंदा गेला. विहारातले लोक आले, त्यांनी त्याच्या धम्माप्रमाणे सगळं केलं, आणि सत्यशीला शेवटपर्यंत हात जोडून उभी राहिली. मास्तरांनी पंधरा दिवस जाऊ दिले. मग एका सकाळी ते दवाखान्यात गेले. सत्यशीला एकटीच होती, उकळलेल्या पट्ट्या दोरीवर टाकत होती. केस पुष्कळ पांढरे झालेले. अजून चाळिशीची नव्हती.

"सत्यशीले, मले मरनाआधी तुले सांगनं हाये," ते म्हणाले आणि त्यांनी सांगितलं. पहिलं उत्तर, पेनाचं टोपण, तनवीरचं बोलणं, गोविंदाचं शेवटचं बोलणं. काही लपवलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी हात जोडले.

सत्यशीला हातातली पट्टी झटकत राहिली. "मले मालूम होतं," ती म्हणाली.

"कवापासून?"

"घरी आला त्याच आठवड्यात सांगतलं त्यानं मले. मास्तरचं मन राखाले हो म्हनलो, तू मोकळी हो, फादरले जाऊन सांग, असं म्हने."

"मंग गेली काहून नाई तू? पास्कल इथंच होता तवा. कागद फिरला असता बेटा, सारं झालं असतं."

"गेलती ना. चर्चच्या पायरीपावतर गेलती." तिचा आवाज चढला नाही, आणि चढला असता तर मास्तरांना सोसवलं असतं. "तिथं उभी राहून इचार केला. गोविंदा तं जल्मभर मले खोटं बोलत आला. कामाले जातो म्हने अन् दारूवर जाय. पैसे धाडतो म्हने अन् दुसरी करून बसला. अन् मास्तर? मास्तर माह्याशी कवा खोटं बोलले? मी तुमालेच तं पुसलं होतं, मनातून म्हनलं का म्हनून. तुमी हो म्हनले. म्हनलं, हाच खोटं बोलून राह्यला, जबाबदारी टाळाले. अन् घरी वापस आली."

तिनं शेवटची पट्टी दोरीवर टाकली.

"त्यानं आयुष्यात एक डाव खरं सांगतलं, मास्तर. अन् म्या त्याले खोटं ठरवलं, तुमच्या भरोशावर."